टाकीकडे

एकतीस वर्षं बेस्टची बस चालवलेला माणूस
आज कन्नमवार नगरात, स्वतःच्याच बिल्डिंगच्या फाटकात
घामाघूम झालाय.
जीपच्या मागे जोडलंय ते पत्र्याचं घर.
शूटिंगवाल्यांनी भंगारात काढलेलं,
आम्ही फंडाच्या पैशातून घेतलेलं,
दोन चाकांचं, आणि एक खिडकी कायमची बंद.

बस सांगाल तशी वळायची.
हे सांगाल त्याच्या उलट.
रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उजवीकडे फिरवा, हे डावीकडे निघतं,
आणि एकदा निघालं की
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखं
कोपरात दुमडून बसतं.
मग पुन्हा पुढे घ्या, सरळ करा,
पुन्हा विनवणी.

पहिल्या रविवारी मी मागून ओरडले, डावीकडे!
मी म्हणत होते घराचं डावं.
त्यांनी ऐकलं स्टिअरिंगचं.
तिरोडकरांची स्कूटर आडवी झाली,
आणि आमच्यात दोन दिवस
मीठसुद्धा कुणी मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गवार मोडता मोडता ठरलं:
डावं-उजवं बंद.
घराची शेपूट जिकडे जायला हवी तिकडचं नाव घ्यायचं.
एका बाजूला शाळा. दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी.
पत्र्यावर एक थाप म्हणजे थांबा.
दोन म्हणजे येऊ द्या, असं मी सुचवलं,
तर म्हणाले, नको गं,
दोन टोले ऐकले की हात आपोआप पहिल्या गिअरवर जातो,
कंडक्टरची घंटी हाडात मुरलीय.
म्हणून तीन.

टाकी सोसायटीने दिवाळीनंतर पाडली.
तिथे आता कुरियरवाले बाईक लावतात.
आम्ही अजून टाकीकडेच म्हणतो.
नवा वॉचमन बुचकळ्यात पडतो, पडू दे.

आज सगळेच जमलेत.
रामसजीवन शिट्टी फुंकत, काटो काटो काटो,
गॅलरीतून काळसेकर, बिर्जे, फुल मारा, फुल!
मागे अडकलेला रिक्षावाला
सल्लाही हॉर्ननेच देतोय.
मी सगळ्यांना हाताने गप्प करते.
एका वेळी एकच आवाज. माझा.
भांडण झालंच तर चावी काढल्यावर.

शाळेकडे. शाळेकडे. पुरे.
सरळ. आता टाकीकडे, हळू,
कडुनिंबाची फांदी छताला लागतेय, लागू द्या,
टाकीकडे अजून.

आणि माझ्या चपलेचा अंगठा निसटला.
मी खाली वाकले.

गाडी जागच्या जागी थांबली.
थाप मारली नव्हती, हाक दिली नव्हती.
त्यांचा एकच नियम आहे, पहिल्या दिवसापासूनचा:
इंदू, तू आरशात दिसेनाशी झालीस की मी ब्रेक दाबणार,
मग मागून कुणी काहीही ओरडो.

रिक्षावाला ओरडला. शिट्टी वाजली.
काळसेकर म्हणाले, अहो, वाव आहे, अजून हातभर वाव आहे!
जीपचा मागचा लाल दिवा पेटलेलाच.
मी खालून बघत होते,
चाकाशेजारी, डांबराच्या वासात,
आरशाच्या बाहेर.

अंगठा केव्हाच बसला होता.
मी आणखी थोडा वेळ खालीच राहिले.

मग उठले, साडी झटकली.
पत्र्यावर तीन थापा.
टाकीकडे.
अजून.
अजून.