सजा

शारजाच्या बाहेर ही एक औद्योगिक वसाहत, नाव सजा.
अरबीत त्याचा अर्थ काय, कुणी सांगितला नाही.
आमच्या खोलीत आठ जण, दोन देशांचे,
आठांनाही एकच अर्थ माहीत.

इथल्या सिमेंटच्या गोदामात मी रिंग उभी केली.
खाली लोखंडी सांगाडा, मधोमध जाड स्प्रिंग,
वर प्लायवूड, त्यावर बोटभर फोम,
आणि प्लायवूडच्या पोटाला माइक चिकटवला,
माणूस पडला की मोठ्यानं पडावा म्हणून.
माती? नाही.
विट्याच्या तालमीत आम्ही हौद्यात ताक ओतायचो, हळद, तेल,
इथे फिनाइलचं फडकं मारून घेतलं.

सुपरवायझर गुजरांवालाचा. पहिल्या दिवशी
यादीतलं आडनाव वाचून म्हणाला, सलाम बाबरसाब.
म्हटलं, अहो, आम्ही विट्याचे बाबर, मराठे.
त्याला खरं वाटेना.
अजून दर शुक्रवारी खजूर देऊन जातो. मी घेतो.

दोन कंपन्या, दोन देश, एक पोस्टर.
कुणाचं तोंड डावीकडे, यावर तीन दिवस गेले,
शेवटी पोस्टरं दोन छापली.
बाकी सगळं कागदावर:
येताना वाजायचं संगीत दोघांना सेकंदावर सारखं,
झेंडे एकाच शिंप्याकडून,
आणि निकाल? दोघंही दोरीबाहेर, दहा अंक, बरोबरी.
आमच्याकडे याला नुरा म्हणतात, मी म्हणालो.
सुपरवायझर हसला. त्यांच्याकडेही नुराच.

दुपारी तालीम झाली, म्हणजे रंगीत तालीम.
आपला वज्रबाहू, गुडगावच्या जिमचा हर्षित बिंद्रा,
दंड असे की घागरी बांधल्यात,
कान मात्र तान्ह्या बाळाचे.
त्यांचा काळा तुफान. नाव रियासत. पोट सुटलेलं.
उकडलं म्हणून त्यानं मुखवटा काढला
आणि मला त्याचे कान दिसले.

दोन्ही फुटलेले. सुकल्या अंजिरासारखे.
असे कान जिममध्ये मिळत नाहीत,
दुसऱ्याच्या मांडीखाली डोकं घासून
दहा-बारा वर्षांनी येतात.
माझा उजवा तसाच आहे. मी कानटोपी घालतो,
वाळवंटात.

रात्री चार हजार माणसं.
एकाच बसमधून आलेली, दारात वेगळी केलेली,
हा कठडा, तो कठडा.
काय ओरडली! कुणाची आई-बहीण शिल्लक ठेवली नाही.
आमच्या खोलीतला शब्बीर पलीकडून
मला ओळखून, हात हलवत, शिव्या देत होता.
मी रिंगखाली, स्प्रिंगचा नट धरून.
रियासतनं पोराला डोक्यावर उचललं,
गोदाम गप्प,
आणि फटीतून मला दिसला त्याचा डावा तळहात,
पोराच्या मानेखाली,
अंडं धरावं तसा.
मग धडाम. माइकनं आपलं काम चोख केलं.

दहा अंक. बरोबरी.
दोन्ही कठडे आपापल्या माणसावर चिडून
एकाच बसमध्ये चढले.

दोन वाजता मी बोल्ट सोडवत होतो,
घामानं टोपी काढून ठेवलेली.
तो मागे येऊन उभा, खांद्यावर बर्फाची पिशवी.
माझ्या कानाला अंगठा लावून म्हणाला,
कौनसा अखाडा?
मी सांगितलं. त्याला विटा कळलं नाही,
मला त्याचं समुंद्री कळलं नाही.

गोदामामागे ट्रक लावायची जागा. वाळू.
त्यानं मूठभर उचलली, माझ्या मनगटाला चोळली,
वर कोपरापर्यंत,
पकड सुटू नये म्हणून चोळतात तशी.
मीही उचलली.
गुडघे गेलेत माझे, वय बावन्न.
शड्डू ठोकला तर आवाज एवढासा,
खाली माइक नव्हता ना.

कोण जिंकलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.
पहाटे खोलीत शर्ट काढला
तर शब्बीर डोळे चोळत म्हणाला,
बाबर, हे पाठीला काय लागलंय?