हात टेकण्याआधी

सौदा ठरायच्या आधी मला बोलावतात.
पाचशे क्रोनर आणि येण्याजाण्याचं पेट्रोल,
तेवढ्यासाठी मी परक्या कोठारात उकिडवा बसतो,
जुन्या ट्रॅक्टरची नाडी बघतो.

या खेपेला तोतेन, म्योसा सरोवराच्या वरच्या अंगाला.
विकणारी बोरगिल्ड. नवरा, सीगवार्ट, दोन हिवाळ्यांपूर्वी गेला.
घेणारा योस्टाइन, हामारचा दंतवैद्य,
बूट नवे, हातमोजे त्याहून नवे.
फर्ग्युसन, बावन्न सालचा, राखाडी.
इकडे त्याला नुसतं करड्या म्हणतात,
घरच्या घोड्याला हाक मारावी तसं.

आधी तेल.
काडी ओढली, दोन बोटांत चोळून पाहिलं, हुंगलं.
दुधाळ असतं तर पाणी शिरलंय म्हणून तिथूनच उठलो असतो.
नव्हतं. काकवीसारखं होतं.

मग इंजिन. दुसऱ्या फेरीत धरलं.
उजवीकडची दांडी वर केली.
मागचे दोन्ही हात खालीच.
पुन्हा केली. खालीच.
योस्टाइनने माझ्याकडे पाहिलं,
आणि त्याच्या डोळ्यांत दहा हजार उतरलेले मला दिसले.

मला कारण ठाऊक होतं.
पण पैसे त्याचे होते,
म्हणून मी मिठाची गुळणी धरून बसलो.

बोरगिल्ड बादली ठेवून आली.
एका पायाने क्लच दाबला,
डावीकडचा ठोकळा खटका मागे ओढला,
क्लच सोडला.
मागचा दांडा फिरायला लागला,
आणि हात उठले, हळू, पण न थरथरता,
कुणी सभेत उठून बोलायला उभं राहावं तसे.
"दांडा जोडल्याशिवाय पंप नाही,
पंपाशिवाय हा काही उचलत नाही,"
हे ती त्याला नाही, मला म्हणाली.
मी चिंधीने हात पुसत राहिलो,
ते पुसलेलेच होते.

इंजिन बंद करून दांडा चाचपला.
सहा दात, सहाही जागेवर,
हलवून पाहिला तर केसाएवढा खेळ.
याच दांड्याने एकदा सीगवार्टच्या कोटाची बाही नेली.
बाहीच. हात नाही.
कोट अजून खुंटीला आहे, एका बाहीचा.

राहिला भार.
बटाट्यांची पेटी अडकवली, वर चार पोती,
"आणि मी," म्हणत ती स्वतः चढून बसली,
"दर शरदात मीच बसायची."
उचललं. इंजिन बंद.
कोठारात एकाएकी इतकं शांत झालं
की तेलाचा थेंब पडला असता तर ऐकू आला असता.
पडला नाही.

एका कॉफीभर थांबायचं, तिचा नियम.
थर्मास तिच्या मांडीवर, पेले आमच्या हातात,
ती हवेत, आम्ही जमिनीवर.
योस्टाइनने कुठल्याशा दाढेची गोष्ट सांगितली.
कुणी हसलं नाही, कुणी थांबवलंही नाही.

कॉफी संपल्यावर तिने वरूनच दाराच्या चौकटीकडे बोट केलं.
पेन्सिलीच्या रेघा. साल आणि खूण, साल आणि खूण:
तेवढ्या वेळात हात कुठवर उतरले.
सत्तरच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या,
नव्वदपासून जरा खाली,
मधे एकदम वर. "तेव्हा वॉशर बदलले."
शेवटच्या दोन रेघांचं अक्षर वेगळं होतं.
मी विचारलं नाही
की त्या दोन वर्षी पेटीवर ती बसली
तर पेन्सिल कुणी धरली.

मी टेप लावला. चार बोटं उतरलेत.
"तीन म्हणालास तरी चालेल,"
योस्टाइन इतका हळू पुटपुटला
की त्याला नेमकं काय हवंय तेच मला कळेना.
चार, म्हणालो मी. हात टेकायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

तिने सांगितलेलीच किंमत त्याने मोजली.
मग ती उतरली, गुडघा धरून,
कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढे केली.
मी साल लिहिलं, रेघ ओढली.
जरा तिरकी आली.
"राहू दे," ती म्हणाली,
आणि पोती उतरवायला लागली.