केसभर वर

वणीच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला
माझा जुना अ‍ॅम्प
एकवर मुका होता, दोनवर अख्खी गल्ली.
मधलं काही त्याला येतच नव्हतं
आणि मला मधलंच हवं होतं,
रात्री साडेदहानंतरचं,
भिंतीपलीकडे सुलोचना उईके निजलेली असताना.
ती नर्स. उपकेंद्रातून बाळंतपण उरकून येते
कधी दोनला, कधी पहाटे.
आमच्यामध्ये एकच भिंत, चार इंची,
तीही माझ्या बाजूनं गिलावा नसलेली.

हेडफोन लाव, म्हणाला धाकटा भाऊ.
पण मी लाइनवर काम करते, बाप्पा.
माझा फोन वाजतो तेव्हा
कुठल्यातरी खांबावर कोणीतरी
माझ्या एका ‘हो’साठी हात आखडून थांबलेलं असतं.
कान बांधून बसायची सोय नाही मला.

म्हणून सुटीच्या दिवशी नागपूर.
सीताबर्डीत दुसऱ्या मजल्यावर काचेची खोली,
पोरगा भला. आठ इंची लावले त्यानं,
माझ्या कुडत्याचं बटन हललं.
कसं वाटते, मॅडम?
कमी कर, म्हटलं.
त्यानं केलं.
अजून.
अजून. आता तो एसी बंद कर.
मीटर कापायला गेलं की लोक बघतात
तसा बघायला लागला.

मोठ्या खोक्यांचं असं असतं,
हळू बोला म्हटलं की रुसतात,
खालचे सूर गिळतात, वरचे दातांतून सोडतात.
पाच इंची बरे होते
पण त्यांची भोकं पाठीमागे
आणि माझ्या खोलीत पाठीमागे सुलोचनाची उशी.
शेवटी साडेतीन इंची, श्वास पुढून सोडणारे,
कुजबुजतानाही शब्द अर्धा न खाणारे.
हे गोड करून नाही देत हां, पोरगा म्हणाला,
जसं हाये तसंच ऐकवतात.
दोन महिन्यांचा ओव्हरटाइम मोजून दिला.

घरी लावले, तर घूं.
गावाबाहेरच्या डीपीचा असतो तोच सूर :
जाड तारेची तिसरी पट्टी,
त्याहून केसभर वर.
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं.
सगळ्या गावाला सांगते, स्वतःच्या घरी कधी केलं नव्हतं.
घूं निम्मी झाली.
निम्मी राहिली.
ट्यूबलाइटकडे पाठ केली की आणखी थोडी.
विटांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्यावर मॉनिटर,
कानांच्या उंचीवर, मी मधे.
एका सुराला मांडणीवरची परात थरथरली.
परात खाली ठेवली
तर गंज थरथरला.

आठवड्यानं सुलोचना ओट्यावर भाजी निवडताना :
काऊन वं, वाजवणं सोडलं का तू?
नाही. का?
काही नाही. मले वाटलं, इकलं का काय.
यात सुटका किती, चुटपुट किती,
हे मोजायचं यंत्र
माझ्या थैलीत नाही.

मे महिन्यात तर प्रश्नच मिटतो.
कूलर सुरू झाला की
मॉनिटरच काय, स्वतःचा विचारही ऐकू येत नाही.
हळू वाजवणं ही दिवाळी ते होळीची गोष्ट आहे.

काल सव्वाअकराला
दोन्ही मॉनिटर टुक् करून गेले. अंधार.
बोटं चालूच होती,
नुसत्या तारा नुसत्या लाकडावर,
डासाएवढा आवाज, तरी गत पूर्ण झाली.
मग फोन.
टॉर्च, हातमोजे, स्कूटी.
डीपीचा फ्यूज गेला होता.
तिथं उभी राहिले तर इतकं गप्प
की दूर कोणाच्या तरी मोटेवरचं कुत्रं
पाणी पिताना ऐकू आलं.
फ्यूज बांधला, हँडल ओढलं.
घूं.
एकेक घर उजळत गेलं, शेवटी माझं.

परत येऊन सहाही तारा
केसभर चढवल्या.
घूं आहे तिथंच आहे,
आता फक्त सुरात आहे.