शेरू, दोरी सोड

मिस्टर प्रॉसरना शरयू म्हणता येत नाही.
"शेरू," ते ओरडतात, "सोड!"
माझ्या माहेरी शेरू हे कुत्र्याचं नाव होतं,
हे त्यांना अकरा महिन्यांत मी सांगितलेलं नाही.

श्रॉपशरमधल्या आमच्या गावात
चर्चच्या मनोऱ्यात घंटा सहा
आणि वाजवणारे पाच.
सहावी मी. वय बहात्तर,
गुडघे दोन, पैकी एक मूळचा.

घंटा दिसत नाही. ती वर, छतापलीकडे,
साडेचारशे किलोंची, तोंड आभाळाकडे करून उभी.
माझ्या वाट्याला नुसती दोरी,
आणि दोरीवर लोकरीचा पट्टेदार गुबगुबीत भाग,
एखाद्या राक्षसाच्या पायमोज्यासारखा.
तो ओढायचा, सोडायचा, वर जाऊ द्यायचा,
डाव्या हातातलं टोक मात्र सोडायचं नाही.
परत आला की नेमका धरायचा.
लवकर धरला तर तळव्याला चटका.
उशिरा सोडला तर दोरी
माणसाला घेऊनच वर निघते.

टिली अकरा वर्षांची, माझ्याबरोबरच आली, सप्टेंबरात.
तिसऱ्या मंगळवारी तिची दोरी
तेल लावून विंचरल्यासारखी सरळ.
ती च्युइंगगम चघळत वाजवते.
मी दात आवळून.

मला कारण ठाऊक आहे, हीच तर पंचाईत.
चौतीस वर्षं याच जिल्ह्याच्या इस्पितळात
पक्षाघात झालेल्यांना मी चमचा धरायला शिकवला.
लहान मेंदू प्रत्येक चूक मोजून ठेवतो,
पुढच्या खेपेला हात केसभर सरकवतो.
रात्री झोपेत उजळणी, सकाळी हात शहाणा.
उतारवयात झोप विरविरीत होते,
उजळणी अर्ध्यावर सुटते.
मंगळवारचं बुधवारी पुसट,
पुढच्या मंगळवारी पाटी जवळपास कोरी.
हे सगळं मी तक्त्यावर छडीनं दाखवत असे.
तक्त्याला हात नव्हते.

मार्चमध्ये मी घंटेचा टेकू मोडला.
वर कडाड् झालं, दोरी पिसाळली,
सगळे भिंतीला चिकटून उभे.
"लाकूड मोडण्यासाठीच असतं," मिस्टर प्रॉसर म्हणाले,
"ते मोडतं म्हणून बाकीचं वाचतं."

त्या रात्री मला बेडोज आठवले.
हॅरल्ड बेडोज, मेंढ्या कातरणारे,
उजवी बाजू गेलेली.
सदऱ्याचं एक बटण, नऊ आठवडे.
मी म्हणे, "पुन्हा." मी म्हणे, "धीर धरा,"
घड्याळाकडे बघत.
एकदा त्यांनी मान वर केली:
"बाई, तुमच्या हातांना तुमचं ऐकू येतं.
माझे हात दुसऱ्या खोलीत आहेत."
मी वहीत लिहिलं: सहकार्य कमी.

परवा उकडत होतं.
बाहेर थडग्यांमधलं गवत कुणी कापत होतं
आणि मी विचार करत होते,
निघताना गॅस बंद केला का.
तेवढ्यात माझ्या हातांनी दोरी सोडली.
धरली. सोडली.
सहाही घंटा ओळीनं उतरल्या,
चिरक्या सुरापासून खर्जापर्यंत,
एक फेरी, दुसरी, तिसरी, चौथी,
माझी घंटा आपल्या जागी,
कुणाच्या पायावर पाय न देता.
या खेपेला दुसऱ्या खोलीत मी होते.

पाचव्या फेरीला मनात म्हटलं, अगंबाई, जमतंय!
आणि गेलं.
टिलीनं गमचा फुगा फोडला.
"पुन्हा," मिस्टर प्रॉसर म्हणाले, तेही
अगदी माझ्याच जुन्या आवाजात.

घरी आले. गॅस बंदच होता.
कार्डिगन अंगात तसंच ठेवून
एका हातानं, डाव्या,
बटणं लावायला घेतली.
पहिलं लागलं.
दुसऱ्याशी अजून बसून आहे.