भेदरं आणि कालचा पाव

कुंदा सिस्टरची बदली झाली, एटापल्लीला.
आज संध्याकाळी उपकेंद्राच्या ओसरीत निरोप,
माणसं चाळीस तरी होतील,
आणि हिंगणघाटचा पाववाला कालच येऊन गेलेला.
उरल्या पाच लाद्या, कडेनं कडक झालेल्या.

शांता उईके म्हणाली, "चिवडा करू?"
चिवडा तर तलाठी गेला तेव्हाही होता,
मोठे गुरुजी गेले तेव्हाही.
या गावातून कोणी गेलं
की आपण मुरमुरेच चावत बसतो.
मी म्हटलं, "थांब जरा. विटा आण दोन."

मी गुणवंत झाडे, रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर.
स्वयंपाक मला एवढाच येतो :
मेडिकलच्या आवारात, पेशंट आत गेल्यावर,
रात्री दोन विटांमधे निखारे, वर जाळी, जाळीवर पाव.
तुमसरकडच्या एका बाईनं शिकवलं होतं.
तिचा मुलगा आत होता.
पुढं काय झालं, मी विचारलं नाही.

भेदरं मागच्या वाफ्यातली.
सिस्टरनंच लावलेली;
हात धुतल्याचं पाणी नळीतून थेट त्यांच्या बुडाशी जातं,
आणि ती दिवसातून वीसदा हात धुते,
म्हणून एवढी लागली.
बारीक चिरायची, बिया काढायच्या,
मीठ लावून रोवळीत निथळत ठेवायची.
मूठभर सांबार, दोन हिरव्या मिरच्या,
आणि जवसाचं कच्चं तेल, घाण्यावरचं,
ज्याच्या वासानं शहरातली माणसं नाक मुरडतात.
मुरडू द्या.

पाव आडवा कापायचा, दोन्ही अंगांनी भाजायचा,
टकटक वाजला पाहिजे.
मग गरम असतानाच सोललेली लसूण घासायची.
खरखरीत पावावर ती आपोआप झिजते,
बोटांत शेवटी नुसता वास उरतो.

आता खरी गोष्ट ऐक, शांता :
भेदरं आणि पाव
शेवटच्या घडीपर्यंत भेटू द्यायचे नाहीत.
आधी भेटले की लगदा.
माणसं समोर आली, हात पुढे झाला,
तेव्हाच चमचा.

वेळ सहाची. सरपंच सव्वासातला.
मग हार, मग नारळ,
मग धोटेबुवांचं भाषण,
त्यात एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा कॉलरा आला
तेव्हा मला कळलं, पाव थंड होणार.
पुन्हा जाळीवर ठेवले. पुन्हा उतरवले.
निखाऱ्यावर राख धरत होती,
मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो.
रामकला काकीला बोलायचं होतं,
तिच्या तिन्ही पोरी सिस्टरच्याच हातावर झालेल्या.
ती उभी राहिली, पदर तोंडाला लावला
आणि तशीच खाली बसली.
सगळ्यात चांगलं भाषण तेच झालं.

एवढ्यात सिस्टर मागच्या दारानं आली,
गळ्यात हार, हारात अडकलेला चष्मा.
"हात धुतले काय रे, गुणवंत?"
"धुतले."
"दाखव."
मी दाखवले. लसणीचा वास, काळी बोटं.
अकरा वर्षं रात्री-बेरात्री हेच हात स्टेअरिंगवर होते
आणि ती मागं, पेशंटचं डोकं मांडीवर घेऊन.
ती काही बोलली नाही.
पाटावर बसली, चमचा घेतला,
आणि मी भाजत गेलो, ती भरत गेली,
पोरं ताट घेऊन धावत गेली.
साठ तुकडे. एकही मऊ पडला नाही.
धोटेबुवा म्हणाले, "हे काय होय?"
आणि चार खाल्ले.

सकाळी साडेसहाला चंद्रपूरच्या गाडीत बसवून दिलं.
डबा दिला दोन खणांचा :
एकात पाव, एकात भेदरं.
"एटापल्ली आली की एक करजा.
त्याच्या आधी नोका करू."
"एवढी अक्कल आहे मले," ती म्हणाली.

दुपारी फोन आला.
गाडीची घरघर, कुणाचं तरी लेकरू रडत होतं.
"गुणवंत, गोंडपिपरीलाच खाल्लं रे.
पुढपर्यंत दम नाही निघाला."

मी वाफ्याजवळ उभा होतो.
नळी कोरडी होती.
हात तसे स्वच्छच होते,
तरी जाऊन धुतले.