नजरी नकाशा

कागदाच्या डोक्यावर उ. लिहिला, शेजारी बाण.
सेलूकडून येणारी सडक : दुहेरी रेघ.
दुधना : तुटक रेघ,
मार्च लागला की तीही तुटकच.
हिवराचं झाड. पीराचा हिरवा चबुतरा.
फर्लांगाचा दगड, त्यावरचा उर्दू आकडा
शेळ्यांनी अंग घासघासून पुसलेला.

मग कमान.
जागीरदारांची. आत बंगला नाही, बाग नाही,
कुसवाचे दगडही लोकांनी गोठ्यांना नेले.
आता आत तूर, बाहेर तूर.
तरी म्हशी वळसा घालत नाहीत,
कमानीतूनच जातात,
शिंगं जरा तिरपी करून.

पुस्तिकेत देवळाला खूण आहे, विहिरीला आहे,
टपालपेटीलासुद्धा.
हिला नाही.

डाव्या देवडीत, पहाऱ्याच्या ओट्यावर
जुलेखाबींची चूल. उजवीत कोंबड्या.
मी विचारलं, घर पक्कं की कच्चं?
त्यांनी वर बघितलं, दगडी कमळाकडं,
तिथं आग्या मोहोळ लटकलेलं.
"पक्कं लिवा. दार तेवढं नाही.
दार सासरे होते तवाच लिलावात गेलं."
मालकीचं की भाड्याचं?
"राखणीचं."

कशाची राखण, हे विचारायचं
माझ्या फॉर्मात नव्हतं.
राखणीचा रकानाही नव्हता.

खोडरबरानं सडक थोडी पुसली,
तिथं अर्धा गोल काढला, दोन पाय दिले,
डाव्या पायाशी घर क्रमांक एक्केचाळीस.

मागं कुणीतरी जोरात श्वास सोडला.
म्हैस.
मी वाटेत उभी होते.