दिव्याची दोरी

नळाची गळती शोधायला डेल्बर्टने न्हाणीघराची भिंत फोडली
आणि भिंतीतून पाती ओघळली.
शेकडो. गंजून एकमेकांना बिलगलेली,
काही सुटी, बोट लावताच मोडणारी.
"आरशामागच्या फटीतून टाकायचे पूर्वी," तो म्हणाला,
"बोथट झालं की भिंतीच्या पोटात.
हॅनकॉकमधल्या निम्म्या घरांनी अशी दाढी आतून वाढवली आहे."

मी बाबांची हनुवटी कधी पाहिलीच नव्हती.
खाण बंद झाली त्या हिवाळ्यात त्यांनी दाढी करणं सोडलं
आणि पुढच्या वसंतात मी जन्मले.
लग्नाचा एक फोटो आहे,
पण त्यात नेमका कुणाचा तरी हात
केकचा तुकडा त्यांच्या तोंडाशी धरून.

एवढी पाती. मग रेझर कुठे?

माळा उपसला. बर्फातल्या बुटांची पेटी.
सौनाच्या बाकाखाली दोन सुकलेल्या बर्चच्या जुड्या निघाल्या
आणि हरवलेला माझाच दुधाचा दात, काडेपेटीत.
दोन दिवस तळघरात उतरत होते,
दोरी ओढून दिवा लावायचा, शोधायचं,
दोरी ओढून अंधार करायचा, वर यायचं.

तिसऱ्या दिवशी दोरी ओढली
आणि हात तिथेच थांबला.

दोरीच्या टोकाचं ते वजन.
बोटाएवढं, खरखरीत नक्षीचं,
वरच्या भोकात आटे, आट्यांत घट्ट बसवलेला हूक.
टाचा उंचावून मी हे धरलं होतं पाचव्या वर्षी.
मुरंब्याच्या बरण्या छातीशी कवटाळून, दातांनी ओढलं होतं एकदा.
आईला नेलं त्या रात्री फ्यूज बघायला गेले तेव्हाही.
डोळ्यांनी कधी विचारपूस केली नाही,
तळहाताला मात्र तोंडपाठ.
काखेतला कळसा निदान काखेत तरी असतो,
हा डोक्यावर टांगलेला.

मग बाकीचे दोन तुकडे आपोआप दिसायला लागले.
दातेरी पट्टी शिवणयंत्राच्या लंगड्या पायाखाली,
वरचं टोपण बटणांच्या डब्यात,
केवळ दोरा ओवता येत नाही म्हणून
कुठल्याच कोटाला न लागलेलं.
या घरात काही फेकलं जात नसे,
फक्त बदली होत असे कामावरून.

व्हिनेगर, जुना दातांचा ब्रश, रात्रभर.
सकाळी मुठीवरचं निकेल निम्मं गेलेलं,
अंगठा टेकायचा तिथे पितळ उघडं.
या गावाच्या जमिनीतून बाबांनी बावीस वर्षं तांबं काढलं.
त्यातलं चिमूटभर या पितळेत असेलही.
नसेलही. विचारणार कुणाला?

नर्स म्हणाली होती, दाढी काढा, मास्क नीट बसत नाही.
खिडकीबाहेर गोठलेला कालवा,
त्यावर कुणीतरी मासे धरायला भोक पाडत होतं.
आधी कात्री. मग गरम पंचा. मग फेस.
माझा हात जड पडला तसे ते डोळे न उघडता म्हणाले,
"दाबू नको. त्याला त्याचं वजन पुरतं."
हे वाक्य त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दलच म्हटलं नव्हतं,
दार असो, खिळा असो, की माझा भाऊ.

पातं उतरत गेलं
आणि फेसाखालून हनुवटी आली.
पांढरीफटक, मध्ये एक खळगा,
जरासा डावीकडे सरकलेला.
तो मी ओळखला.
रोज आरशात बघते,
आईच्या माहेरचा असेल असं धरून चालले होते.

काही बोलावं म्हणून मी रेझर त्यांच्या हातात दिला.
अंगठा बरोबर पितळेवर गेला.
बराच वेळ फिरवून पाहत राहिले.
मग म्हणाले,
"आणि तळघरातल्या दिव्याचं काय?"

"दुसरा बांधलाय," मी म्हटलं.
"प्लास्टिकचा. निळा. दहाच्या पाकिटातला."

एइनो काल्लिओ हसायला लागले.
छाती, नळ्या, पलंग, सगळं हलायला लागलं.
मी पातं परत घेतलं, हवेत धरलं
आणि हसू ओसरायची वाट पाहत उभी राहिले.
डावा गाल अजून बाकी होता.